मुलीच्या गुडघ्याची गादी फाटली आहे: कापायची, शिवायची, की पुन्हा उगवते?

वाळव्याचा फिटर

नमस्कार मंडळी. मी साखर कारखान्यात फिटर आहे, वाळवा तालुक्यातला. थोरली मुलगी १९ वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सहावीपासून खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपले मुलांचे आणि मुलींचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर अख्खी आळी जमली होती. कर्णधार प्रियंका इंगळेने चषक उचलला तसं पोरीच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्या दिवसापासून पहाटे पाचला मैदानावर जाणं एक दिवस चुकलं नाही.

नऊ दिवसांपूर्वी सरावात तिला खो मिळाला. पाटीवरून उठली, खांबाला वळसा घालताना डावा पाय मातीत रुतून राहिला आणि अंग तेवढं फिरलं. आत काहीतरी 'कट्' झालेलं तिला स्वतःला ऐकू आलं. लंगडत घरी आली, सूज मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चढली. आता सूज बरीच उतरली आहे पण गुडघा पूर्ण सरळ होत नाही. पलंगावर पाय लांब करून बसली की गुडघ्याखालून माझी चार बोटं आडवी जातात. जोर लावला तर आत काहीतरी पाचर मारल्यासारखं अडतं म्हणते.

एमआरआय केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय की आतल्या बाजूची मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटली आहे, 'बकेट हँडल टेअर', लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे, सगळी शाबूत.

तीन ठिकाणी दाखवलं आणि तीन सल्ले मिळाले. पहिले डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून फाटलेला तुकडा काढून टाकू, दुसऱ्या दिवशी चालत घरी, दीड महिन्यात मैदानावर. दुसरे म्हणाले, काढू नका, आम्ही टाके घालून शिवू, पण सहा महिने खेळ बंद. तिसऱ्या ठिकाणी नातेवाईकाने नेलं, तिथे ऑपरेशनच नको म्हणाले. कमरेच्या हाडातून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, काढून गुडघ्यात तीन इंजेक्शनं द्यायची, गादी आपोआप पुन्हा उगवते, खर्च एक लाख ऐंशी हजार. छापील रंगीत पुस्तिका दिली.

पैशाची सोय करीन. सोसायटीचं कर्ज निघतं. पण मला समजत नाही ते असं: पंपाचं गॅस्केट फाटलं तर आम्ही ते शिवत बसत नाही. जुनं खरवडून काढायचं, नवीन शीट कापून बसवायचं. माणसाच्या गुडघ्यात तसं नवीन का बसवत नाहीत? आणि खरंच उगवत असेल तर बाकीच्या दोन डॉक्टरांनी ते का सांगितलं नाही? डिसेंबरात विद्यापीठाच्या स्पर्धा आहेत. पोरगी म्हणते काढून टाका. तिची आई म्हणते इंजेक्शन. मी काय म्हणावं?

---

जुना चढाईपटू

दादा, पोरीला माझा गुडघा दाखवता आला असता तर बरं झालं असतं.

मी गिरणगावातला, कबड्डी खेळायचो. १९८७ साली, वय २३, उजव्या गुडघ्याची हीच आतली गादी फाटली. तेव्हा दुर्बीण-बिर्बीण नाही, गुडघा उघडून अख्खी गादी काढली. डॉक्टरांनी ती बाटलीत घालून मला दाखवली पण होती. पांढरीशुभ्र, सोललेल्या नारळाच्या फोडीसारखी वाकडी. मी म्हणालो, एवढ्याशा तुकड्याने मला दोन महिने लोळवलं होय! दहा आठवड्यांनी चढाई केली आणि नंतर सात वर्षं खेळलो. सगळ्यांना सांगायचो, काढून टाका, काही फरक पडत नाही.

फरक पडला तो पस्तिशीनंतर. आधी जिने उतरताना दुखायला लागलं. मग पाय हळूहळू बाहेरच्या बाजूने धनुष्यासारखा वाकला. आज मी ६१ वर्षांचा आहे. डावा पाय सरळ, उजवा कमानीसारखा. नातवाला मांडीवर घेऊन खाली बसता येत नाही. सांधा बदलायची तारीख घेतली आहे.

तेव्हाच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांनी त्यावेळची रीत होती ते केलं. पण तुमच्या पोरीला दुसरा रस्ता मिळतोय. तो सोडू नका. एक डिसेंबर गेला तर जाऊ दे.

---

गुडघा_फिजिओ

फिटरदादा, मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, १७ वर्षं हेच काम. खेळाडूंचे गुडघे जास्त येतात. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या, पण काय विचारायचं ते नक्की सांगते.

सगळ्यात आधी, तो गुडघा दाबून सरळ करायचा प्रयत्न कोणीही करू नका. मालीश नको, हाडवैद्य नको, 'थोडं चाललं की सुटेल' असंही नको. बकेट हँडल म्हणजे बादलीची कडी. गादीला लांबीच्या दिशेने चीर गेली आणि आतली पट्टी बादलीच्या कडीसारखी उचलून सांध्याच्या मध्ये जाऊन बसली. तीच तुम्हाला पाचर वाटते आहे. तिच्यावर वजन देऊन चाललं की ती दोन हाडांमध्ये चिरडते, चुरगळते, आकार बदलते. आज शिवण्याजोगी असलेली पट्टी दोन महिन्यांनी शिवण्याजोगी राहीलच असं नाही. म्हणून विचार करा, पण दिवसांत करा, महिन्यांत नाही. तोवर कुबड्या.

आता काढायची की शिवायची. चढाईपटूकाकांनी जे भोगलं त्यामागे मोठा इतिहास आहे. गंमत अशी की गादी शिवण्याची पहिली नोंद फार जुनी आहे. एडिंबराचे सर्जन थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ मध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली. पण त्यानंतर बरीच दशकं वैद्यकाने तिला शरीरातला उरलासुरला, बिनकामाचा तुकडाच मानलं, आणि दुखली की सरसकट काढली. १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जननी गादी काढलेल्या रुग्णांचे एक्स-रे नीट पाहिले आणि दाखवून दिलं की हाडांच्या कडा वाढतात, सांध्यातली फट कमी होते, हाड चपटं होत जातं. तरीही रीत बदलायला पुढे तीसेक वर्षं गेली. जपानमध्ये इकेउची यांनी १९६९ मध्ये दुर्बिणीतून गादी शिवली, आणि मग हळूहळू 'जमेल तेवढी वाचवा' हा विचार रुजला.

कारण ती बिनकामाची नाहीच. पाय सरळ असताना गुडघ्यावर येणाऱ्या भारातला निम्मा किंवा त्याहून जास्त भार आतली आणि बाहेरची अशा या दोन गाद्या घेतात. गुडघा ९० अंशांत वाकवला की ८५ टक्क्यांच्या आसपास. तुमची मुलगी पाटीवर ज्या बैठकीत बसते ना, गुडघे पूर्ण दुमडून, चवड्यांवर, सुटायच्या तयारीत, तेव्हा गादीचा मागचा भाग सगळा ताण घेत असतो. खो-खोच्या मुलींना गादी कबड्डीपटूंपेक्षाही जास्त लागते असं मला माझ्या कामात वाटत आलं आहे.

तर १९ वर्षांची मुलगी, ताजी जखम, लांबीच्या दिशेची चीर, लिगामेंट शाबूत. शिवण्याचा विचार आधी व्हायला हवा अशीच ही केस आहे. शिवताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. चीर बाहेरच्या कडेपासून किती मिलिमीटरवर आहे? कडेला रक्तपुरवठा आहे, तिथे जुळतं, आत सरकलं की शक्यता कमी होते. दुसरा प्रश्न, तुम्ही अशा गाद्या नेहमी शिवता का? संकोच करू नका, चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तिसरा, संमतीपत्रावर काय लिहिणार? 'शिवण्याचा प्रयत्न, आत पाहिल्यावर अशक्य वाटलं तरच कमीत कमी भाग काढणे' असं असावं. कारण एमआरआय काही म्हणो, खरं चित्र दुर्बीण आत गेल्यावरच कळतं.

खर्चाबद्दल: पूर्ण आतूनच बसणारे तयार टाके महाग असतात. लांब सुया वापरून, गुडघ्याच्या बाजूला छोटा छेद घेऊन बाहेर गाठ मारायची जुनी पद्धत स्वस्त पडते आणि बकेट हँडलला ती आजही उत्तम मानतात. कोणती करणार ते विचारा. आणि दवाखाना महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटून काय बसतं ते आधी तपासा, म्हणजे कर्जाची वेळ कदाचित येणार नाही.

हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेले अभ्यास एकत्र केले तेव्हा शिवलेल्या गाद्यांपैकी साधारण २३ टक्के पुढे निकामी ठरल्या. म्हणजे चार-पाच जणांत एकाला पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. काढून टाकलेल्यांमध्ये दुसऱ्या ऑपरेशनचं प्रमाण सुरुवातीला फार कमी दिसतं, कारण काढलेली वस्तू पुन्हा फाटत नाही. म्हणूनच दीड महिन्याचा रस्ता इतका सोपा वाटतो. त्याची किंमत काकांनी सांगितली तशी वीस वर्षांनी येते, आणि तेव्हा ती फक्त ४० वर्षांची असेल.

मुलीशी स्वतः बोला. 'डिसेंबर की सहा महिने' असं तिच्यासमोर मांडू नका. तिला विचारा, तुला २५ व्या वर्षी खेळायचं आहे का?

---

रेशमाचा धागा

मी बंगळुरूला ऊती अभियांत्रिकीत पीएचडी करते, विषय हाच, मेनिस्कस. मूळची सोलापूरची. 'नवीन का बसवत नाहीत' हा तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसले, कारण आमच्या प्रयोगशाळेत रोज हाच प्रश्न असतो.

पहिल्या वर्षी मला गाईडनी खाटकाकडून मेंढीचे गुडघे आणायला पाठवलं होतं. गादी हातात घेतली तर ओल्या साबणाच्या वडीसारखी निसटते. बाहेरची कड जाड, आतली कड पापडासारखी पातळ, आणि मधला भाग इतका चिवट की सुई घालताना अंगठ्याच्या पेराला वळ पडतो. तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसतं पाणी, तरी चिवट. रहस्य धाग्यांच्या मांडणीत आहे. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बहुतेक तंतू गादीच्या कडेने गोल फिरतात आणि दोन्ही टोकांना हाडात घट्ट रुततात.

तुम्ही फिटर आहात म्हणून लगेच समजेल: बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ना, तसं. वरून भार आला की गादी बाहेर पसरू बघते, आणि ते गोल तंतू धावेसारखे ताणले जाऊन तिला पसरू देत नाहीत. गॅस्केट नुसतं दाबलं जातं. गादी दाब घेते आणि त्याचा ताण करून टाकते. शीट कापून तिची जागा भरता येत नाही ती यामुळे.

धावेचंच उदाहरण पुढे नेते. तुमच्या मुलीची चीर धावेच्या लांबीने गेली आहे, धाव दोन पट्ट्यांत विभागली पण तुटली नाही, म्हणून शिवून उपयोग होतो. चीर आडवी, पूर्ण कडेपर्यंत गेली तर धावच तुटते. आणि टोक हाडातून उपटलं तर धावेचा सांधाच सुटतो. मृतदेहांच्या गुडघ्यांवर २००८ मध्ये मोजमाप केलं तेव्हा मागचं टोक सुटलेल्या गुडघ्यात हाडावरचा दाब गादी पूर्ण काढल्यावर येतो तेवढाच वाढलेला दिसला.

आता उगवण्याचं. जन्मतः गादीत सगळीकडे रक्तवाहिन्या असतात. बाळ चालायला लागतं तसतशा त्या आतून मागे हटत जातात. अरनॉट्स्की आणि वॉरन यांनी १९८२ मध्ये शाई भरून दाखवलं की मोठ्या माणसात आतल्या गादीच्या बाहेरच्या १० ते ३० टक्क्यांतच रक्त पोचतं. आतल्या भागातल्या पेशी सांध्यातल्या वंगणावर जगतात. जगतात, पण जखम भरायला लागणारं सामान त्यांच्यापर्यंत पोचत नाही. जखम भरण्याची पहिली पायरी म्हणजे रक्ताची गुठळी, आणि सांध्यातल्या पाण्यात ती टिकत नाही, विरघळून जाते. म्हणून सर्जन शिवताना चिरेच्या कडा किसणीने खरवडतात, किंवा गुडघ्याच्या खाचेतल्या हाडाला बारीक भोकं पाडतात, की आतल्या मज्जेचं रक्त बाहेर येऊन चिरेवर बसावं. लिगामेंटच्या ऑपरेशनबरोबर शिवलेल्या गाद्या जास्त चांगल्या जुळतात हे सर्जनांना बऱ्याच वर्षांपासून दिसत होतं. तिथे हाडात बोगदा पाडावाच लागतो, त्यातून रक्त येतं, हे त्याचं एक कारण मानतात. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, ते ही भोकं पाडणार आहेत का.

नवीन बसवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. मृत दात्याची अख्खी गादी बसवणं जर्मनीत १९८४ मध्ये सुरू झालं, आजही करतात, पण ज्यांची गादी आधीच पूर्ण गेली आहे आणि वय कमी आहे त्यांच्यासाठी. मापाची गादी मिळावी लागते. गाईच्या टाचेच्या स्नायुबंधातल्या कोलॅजेनचा स्पंज, पॉलियुरेथेनचा स्पंज, हेही युरोपात बसवले गेले. तेही गेलेल्या तुकड्याची जागा भरण्यासाठी, आणि बाहेरची कड शाबूत असेल तरच. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने त्रिमितीय छपाईने गादीचा साचा बनवला, त्यात दोन वाढ-प्रथिनं ठरावीक वेळाने सुटतील अशी भरली आणि मेंढ्यांच्या गुडघ्यात बसवला. मेंढीच्याच पेशी येऊन त्यात गादीसारखी ऊती तयार झाली. तो शोधनिबंध वाचून मी हा विषय घेतला. आपल्याकडे आयआयटी गुवाहाटीत रेशमाच्या प्रथिनापासून असे साचे करतात, माझंही काम रेशमावरच आहे. सोलापूरच्या मागाच्या आवाजात वाढलेली मी, आणि धागा कसा गुंफायचा यावर आज डोकं लढवते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. पण दादा, प्रयोगशाळेतून तुमच्या मुलीच्या गुडघ्यापर्यंतचं अंतर अजून बाकी आहे. मेंढी पाटीवर बसत नाही आणि सूर मारत नाही.

स्टेम सेलच्या इंजेक्शनाबद्दल स्पष्ट लिहिते. यावरची सर्वांत नीट केलेली चाचणी अमेरिकेत झाली, २०१४ मध्ये छापून आली. गादीचा तुकडा काढलेल्या ५५ जणांना, काहींना स्टेम सेल, काहींना नुसतं द्रावण. वर्षानंतर एमआरआयवर गादीचं आकारमान १५ टक्क्यांहून जास्त वाढलेले किती? कमी मात्रा दिलेल्यांत २४ टक्के, जास्त मात्रा दिलेल्यांत फक्त ६ टक्के, नुसत्या द्रावणाच्या गटात कोणीही नाही. म्हणजे काहीतरी घडतं, दिशा आशेची आहे, आणि म्हणूनच आम्ही काम करतो. पण चारात एकाला थोडं आकारमान वाढणं आणि 'गादी आपोआप उगवते' यांत किती फरक आहे ते बघा. शिवाय त्या लोकांचा अडकलेला तुकडा आधी काढलेला होता. सांध्यात पाचर बसलेली असताना इंजेक्शन ती पाचर हलवणार कशी?

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं आहे की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. एक लाख ऐंशी हजार मागणाऱ्यांना चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा.

मला या गोष्टीचा फार त्रास होतो. आम्ही चार वर्षं घालवून एक साचा तीन मिलिमीटर जाड करतो, आणि कोणीतरी त्याच शब्दांची पुस्तिका छापून एका बापाकडून कर्ज काढवतं.

---

सुनंदाताई पंच्याहत्तर पायऱ्या

मी वय ५७, शिक्षिका, आता घरीच. माझ्याही एमआरआयमध्ये मेनिस्कस फाटल्याचं आलं आहे, पण पडले नाही, मुरगळला नाही. गुडघा अडकत नाही, नुसता दुखतो. वरचं सगळं वाचून घाबरले. मी पण शिवून घ्यावी का?

---

गुडघा_फिजिओ

ताई, घाबरू नका, तुमचं आणि त्या मुलीचं दुखणं एका नावाचं असलं तरी एक नाही. तिची नवी साडी खिळ्याला अडकून फाटली आहे. तुमची वापरून विरली आहे. विरलेल्या कापडात टाका धरत नाही.

अमेरिकेत ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने पाहिले होते. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. आणि फिनलंडमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये फार धाडसी चाचणी छापली: विरलेल्या गादीच्या १४६ रुग्णांपैकी निम्म्यांचा तुकडा दुर्बिणीतून काढला, निम्म्यांना तेवढेच छेद देऊन काढण्याचं नुसतं नाटक केलं. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच. तेव्हा तुम्हाला आधी तीन महिने मांडीचे आणि कमरेचे व्यायाम, वजन थोडं कमी, जिने मोजके. एकच सांगते, उठताना अचानक मागच्या बाजूला कळ येऊन त्यानंतर दुखणं एकदम वाढलं असेल तर डॉक्टरांना 'मागचं टोक सुटलंय का' हे विचारा, त्याचा रस्ता वेगळा आहे.

---

वाळव्याचा फिटर

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. ऑपरेशन होऊन आज अकरा दिवस झाले.

तुमची उत्तरं छापून घेतली आणि पोरीला वाचायला दिली. चढाईपटू काकांचं उत्तर तिने दोनदा वाचलं. मग स्वतःच म्हणाली, शिवूया. तिची आई पुस्तिकेवर अडून होती. तिसऱ्या ठिकाणी फोन करून नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाले, समक्ष या, सांगतो. मग तीही गप्प झाली.

दुसऱ्या डॉक्टरांना तिन्ही प्रश्न विचारले. रागावले नाहीत, उलट कागद घेऊन चित्र काढून दाखवलं. चीर कडेपासून तीन मिलिमीटरवर होती. ऑपरेशननंतर त्यांनी मला आत बोलावून चित्रण दाखवलं. मी ३० वर्षं मशिनं उघडतोय पण असं काही पाहिलं नव्हतं. ती पट्टी खरंच कडीसारखी मध्ये येऊन बसली होती. एका बोथट हुकाने हळूच ढकलली तशी ती टप्पकन जागेवर गेली, आणि चीर बंद झाली तर फाटलंय हे ओळखूसुद्धा येईना. पाच टाके घातले, लांब सुयांनी. खाचेत तीन भोकं पाडली, तिथून तेलाच्या थेंबांसकट रक्त वर येताना दिसलं. रेशीमताईंनी सांगितलं होतं म्हणून मला ते काय आहे ते कळलं, डॉक्टरही चकित झाले.

शुद्धीवर आल्यावर पोरीने पहिला प्रश्न केला, काढली का शिवली? शिवली म्हटल्यावर झोपली.

आता पाय सरळ ब्रेसमध्ये आहे. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे, असं दिवसातून किती वेळा करते याची ती वहीत नोंद ठेवते. मांडी मात्र बघवत नाही. वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर टेपने मोजली तर उजवीपेक्षा तीन सेंटीमीटर बारीक झाली आहे. हे भरून येतं का?

आणि एक अडचण. आमच्याकडे देशी संडास. चार महिने उकिडवं बसायचं नाही म्हणाले. बाजारातल्या खुर्च्या डुगडुगतात, म्हणून मी कारखान्यातून सुटल्यावर एक इंची पाइपचा चौकोनी सांगाडा वेल्ड केला, वर प्लास्टिकची सीट, भांड्यावर बरोबर बसतो. उंची १८ इंच ठेवली आहे. चालेल का?

---

गुडघा_फिजिओ

मांडी भरून येते दादा, पण महिने लागतात आणि ती भरल्याशिवाय पळायला सोडायचं नाही. दर रविवारी त्याच जागी टेप लावा आणि वहीत लिहा.

१८ इंच कमी पडेल. पाय सरळ ठेवून बसायचं आहे, उठताना सगळा भार उजव्या पायावर येतो. तीन इंच वाढवा. दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे द्या, पुढून मात्र मोकळं ठेवा, पाय लांब करायला जागा हवी. आणि पायांना रबरी बूट घाला, ओल्या फरशीवर पाइप सरकतो.

---

वाळव्याचा फिटर

काल रात्री वाढवली. २१ इंच, दोन दांडे, चारी पायांना पंपाच्या जुन्या होजचे तुकडे घट्ट चढवलेत. मी स्वतः बसून, हलवून, एका पायावर उठून बघितलं. हलत नाही.